प्लगातले मणी

शिसं बुडतं, एवढंच आमच्या घराला ठाऊक.
बाबा पागाच्या कडेला गोळ्या बसवायचे,
दातांनी चावून,
आणि चिखलीच्या खाडीत जाळं फेकलं की
ते गोल उघडायचं, मग गपकन खाली.
शिसं उडतं, हे मला हँगरमध्ये कळलं.

चार विमानं आहेत आमच्याकडे, दोन आसनी, शिकाऊ पोरांची.
पेट्रोल निळं. जत्रेतल्या सरबतासारखं निळं.
मोटारींतून शिसं कधीच काढलं म्हणतात,
ह्यांच्यात राहिलं,
इंजिनाला ठोके बसू नयेत म्हणून.
पन्नास तासांनी मी प्लग उघडतो
आणि टोकदार सुईनं
राखाडी मणी टोकरून काढतो,
मोहरीएवढे, कधी तांदळाएवढे.
जळून मागं राहिलं ते हे.
बाकीचं कुठं जातं
ते मी नऊ वर्षं विचारलं नाही.

उड्डाणाआधी पंखाखालून पेलाभर काढायचं,
उजेडात धरायचं, पाणी नाही ना बघायचं,
आणि गवतावर भिरकावून द्यायचं.
सगळे तसंच करतात. ऐटीत करतात.
तिथं आता गवत नाही.
कॅप्टन ऑस्वाल्ड म्हणायचे, बरंय, कापायला नको.

मग बालवाडीत पोरांच्या बोटांतून रक्त घेतलं.
कुंपणापलीकडची बालवाडी. माझी प्रज्योती तिथंच.
डॉक्टरीणबाईंनी आकडा सांगितला,
म्हणाल्या, घाबरू नका,
पण शिशाचा बरा म्हणावा असा आकडा नसतोच.
मी तिच्या बोटावरच्या कापसाकडे बघत राहिलो.
कामावरचे कपडे अंगावर होते.
याच कपड्यांनी रोज तिला उचलून घेत होतो.

दुसऱ्या दिवशी कॅप्टनना म्हटलं,
इंजिन तापवताना शेपूट बालवाडीकडे नको.
त्यांनी वाद घातला नाही. शेपूट खाडीकडे फिरवलं.
तीन दिवस मला वाटलं, जिंकलो.
चौथ्या दिवशी बाबा खाडीतून आले,
टोपलीत तिसऱ्या, गुडघ्यापर्यंत चिखल.
शेपूट कुठंही करा,
शिसं तेवढंच.

भिरकावणं बंद झालं. पेला आता डब्यात रिता होतो,
गाळून पुन्हा टाकीत.
एका पोरानं विचारलं, एवढ्याशानं काय होतंय?
मी काही बोललो नाही. डबा तेवढा पुढे केला.

सांजांव झालं, चवथ झाली,
दिल्लीचं पत्र नाही.
शिगम्याच्या तोंडावर एक पिंप आलं,
बिनशिशाचं, फिकट,
चहाच्या दुसऱ्या पाण्यासारखं.
परवानगी एकाच विमानाला.
बाकी तिघांची इंजिनं हट्टी.
किंमत कॅप्टननी दोनदा वाचली,
चष्मा पुसला, पुन्हा वाचली
आणि सही केली.

परवा बाबांना डबी सापडली,
पेपरमिंटची, नऊ वर्षांच्या मण्यांची.
हातात तोलून म्हणाले, बरं वजन आहे रे पुता,
वितळवून दे, पागाला होईल.
मी डबी मागून घेतली.
त्यांचे पुढचे दोन दात झिजलेले,
मधे गोळी बसेल एवढी फट.
त्यांचं बोट कधी कुणी टोचलं नाही.

आज त्या एका विमानाचे प्लग उघडले.
सुई आत फिरवली. काजळी निघाली, कोरडी.
पुन्हा फिरवली, सवयीनं.
बाकीची तीन उन्हात उभी होती,
पंख निळ्यानं भरलेले.
निघताना कपडे हँगरमध्येच उतरवले,
हात कोपरापर्यंत धुतले,
नखांत ब्रश घातला.
घरी पोचलो तर प्रज्योती दारातच,
हात वर करून.